रिकाम्या गाडीचं वजन

हायराबोलूच्या वेशीबाहेर, तेलगिरणीच्या फाटकाशी
जमिनीत पुरलेला एक काटा आहे,
गाड्या तोलायचा.
रात्री नऊ ते सकाळी सहा तो माझा.
मी रुश्तू. एकवीस वर्षं झाली.

ऑगस्ट आला की ट्रॅक्टरांची रांग लागते,
ट्रॉल्या काठोकाठ सूर्यफुलाच्या बियांनी.
भरलेली तोलायची, आत सोडायची,
रिकामी परत आली की पुन्हा तोलायची,
मोठ्यातून धाकटं वजा,
पावती फाडून खिडकीतून द्यायची.
मधल्या वेळात मी काय करायचं?
मधल्या वेळात मी खायचो.

कागदाची पिशवी, खारवून भाजलेल्या बिया.
दातात उभी धरायची, टक्,
टरफल ओठावर, गर जिभेवर,
तोवर दुसरी बोटांत.
समोर टीव्हीत कुणी रडायचं, कुणी गोल मारायचं,
टक्, टक्.
भूक होती का? छे.
पोटाला कधी कुणी विचारलंच नाही,
हातातोंडाचा परस्पर व्यवहार होता तो.

पुढच्या दाताला खाच पडलीये,
बरोबर एका बीच्या मापाची.
तेकिरदाच्या डॉक्टरीणबाई तोंडात आरसा घालून हसल्या,
म्हणाल्या, तुम्ही इकडचेच ना, सूर्यफुलातले?
मला अभिमानच वाटला,
खोटं कशाला बोलू.

मग ती रात्र. दीडच्या सुमाराला वीज गेली.
टीव्ही गेला, पंखा गेला,
काट्याचे लाल आकडे विझले.
अंधारात एक आवाज येत होता,
उंदीर कुरतडतो तसा, पण शिस्तीत.
चाचपडत टॉर्च लावला.
पिशवी रिकामी.
कधीची रिकामी, अल्ला जाणे,
तळाशी नुसतं मीठ,
आणि उजवा हात तरीही
पिशवीत जातोय, तोंडाशी येतोय,
पिशवीत जातोय,
दात दातांवर आपटतायत. टक्.
कुणा परक्याचा हात पाहावा
तसा मी पाहत बसलो.

मुझेय्येन आठवली.
सकाळी घरी पोचतो तेव्हा टेबलावर
ऑलिव्ह, चीज, कापलेला टोमॅटो, ताजा पाव,
आणि मी म्हणतो, नको, जाणार नाही काही, झोपतो.
ती एकटीच पाव मोडते.
चहाचा दुसरा पेला पालथा असतो.
पालथा. हे डोळ्यांनी पाहिलं होतं,
मनावर घेतलं नव्हतं.

वाटलं तितकं सोपं गेलं नाही.
दुसऱ्या दिवशी पिशवी आणलीच नाही,
तर तीन वाजता जेलालच्या ट्रॉलीतून
मूठभर कच्च्या बिया मागून खाल्ल्या,
भिकाऱ्यासारख्या.
चौथ्या रात्री ठरवलं, टरफलं झाडायची नाहीत.
रंगाच्या जुन्या डब्यात टाकत गेलो.
पहाटे डबा शिगोशीग.
स्वतःलाच म्हटलं, रुश्तू, ही घे तुझी पावती.

आता बोटांनी सोलतो, एक एक.
फार वेळ लागतो. नखं दुखतात.
चौथ्या-पाचव्या बीला कंटाळा येतो
आणि त्या कंटाळ्याच्या अलीकडेच कुठेतरी चव असते,
हिरवट, दुधाळ,
अरे, ही अशी लागते होय.
पण रोज जमतं असं नाही. फुटबॉल असला की मुळीच नाही.

गेल्या आठवड्यात जेलाल घाईत होता,
काका, भरलेली तोललीत ना, रिकामी कशाला पुन्हा?
म्हटलं, पोरा, रिकामी किती हे कळल्याशिवाय
भरलेलीचा आकडा म्हणजे नुसता आकडा.
बोललो, आणि पावती हातात धरून
खिडकीत तसाच उभा राहिलो.
मागून तीन हॉर्न वाजले.

परवा सकाळी सायकल भिंतीला टेकवली
तेव्हा पोटात काहीतरी हललं.
पाठमोऱ्या मुझेय्येननं विचारलं, झोपणार?
मी खुर्ची ओढली.
ती क्षणभर थांबली,
पालथा पेला सुलटा केला,
आणि आत फुंकर मारून
धूळ एप्रनच्या टोकानं पुसली.